आमचे संस्थापक साडू

फुटबॉलवर जीव टाकणारी माणसं जगात गल्लोगल्ली सापडतील, पण फुटबॉलचा चेंडू मैदानात यायच्या आधीच्या भानगडींवर जीव टाकणारा माणूस उभ्या पृथ्वीवर एकच झाला आणि तो नेमका आमच्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. इंग्लंडातला कुठला क्लब कुठल्या कारखान्याच्या फाटकाशी निघाला, कुठल्या पाद्रीबुवांनी पोरं गुत्त्याकडे वळू नयेत म्हणून त्यांच्या पायात चेंडू दिला, कुठल्या गावात चेंडूच मिळेना म्हणून मंडळी शेजारच्या गावापर्यंत तंगडतोड करत गेली, हे सगळं त्यांना तोंडपाठ. मात्र त्याच क्लबाने काल सामना जिंकला की हरला, असं विचारलंत तर ते तुमच्याकडे अशा चेहऱ्याने बघायचे, जणू तुम्ही बारशाला येऊन बाळाच्या पेन्शनची चौकशी करताय. क्लबांची आजची नावं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाहीत. त्यांच्या लेखी ते सगळे 'रेल्वेवाले', 'तोफांच्या कारखान्यावाले', 'सायकलवाले', 'मास्तर मंडळी' आणि 'मुरंबेवाले'. यातले मुरंबेवाले म्हणजे जॅमच्या कारखान्यातले कामगार, हे मला बरेच दिवस ठाऊक नव्हतं. मी आपला लोणची-मुरंब्यांचं दुकान समजून मान हलवत असे.

विश्वचषकाचे सामने जपानात झाले त्या उन्हाळ्यात आम्ही दोघंही तोक्योत होतो. पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली पोरं तेव्हा कंपन्यांनी विमानं भरभरून तिकडे धाडली होती, त्या लाटेत आमचीही वर्णी लागली. इंग्लंडच्या पाठीराख्यांच्या फौजा शहरभर फिरत होत्या. ऑफिसातून परतताना फलाटावर एक धिप्पाड इंग्रज गृहस्थ उभे होते, दंडावर त्यांच्या लाडक्या क्लबाचं चिन्ह गोंदवलेलं. साडूंनी ते चिन्ह चष्मा वर करून पाहिलं आणि आनंदाने ओरडले, "म्हणजे तुम्ही मुरंबेवाले!" अनोळखी माणसाने आपल्याला मुरंबा का म्हणावं, हे त्या गृहस्थांना कळेना. त्यांनी बाह्या सरसावल्या. मी जिन्याकडे सरकलो. पण साडूंनी त्यांना तिथेच बाकावर बसवलं आणि गोदीच्या काठचा तो कारखाना, तिथले कामगार, त्यांची पहिली बैठक, सगळं सांगितलं. त्या माणसाच्या आजोबांपासून घराणं त्या क्लबाच्या पाठीशी होतं म्हणे, पण हे कोणी सांगितलं नव्हतं. गाड्यांमागून गाड्या गेल्या. शेवटी त्यांनी डोळे पुसले, साडूंना छातीशी धरलं आणि विचारलं, "मग तुमच्या मते उद्या कोण जिंकणार?"

साडू म्हणाले, "का? उद्या कोणाचा सामना आहे?"

हे वेड आलं कुठून, याचा छडा मी माझ्या दिवाळसणालाच लावला होता. सांगलीला साडूंच्या घरासमोर रद्दीचं दुकान होतं. शाळेत असताना इंग्रजी सुधारावं म्हणून तिथून त्यांनी एक जाडजूड पुस्तक उचललं, इंग्लंडातल्या फुटबॉल क्लबांच्या इतिहासाचं. पण दुकानदाराने मागची निम्मी पानं आधीच शेंगदाण्याच्या पुड्या बांधायला वापरली होती. त्यामुळे साडूंच्या पुस्तकात क्लबामागून क्लब निघाले, ठराव झाले, चेंडू आले, बांबूचे खांब उभे राहिले, मंडळी मैदानावर रांगेने उभी राहिली आणि पुस्तक संपलं. "मग पुढचं नंतर कधी वाचलं नाहीत?" मी विचारलं. "कशाला?" ते म्हणाले. "पुढे नुसते खेळत बसले असणार."

ही खोड फुटबॉलपुरती राहिली असती तर आम्ही गप्प बसलो असतो. पण त्यांना एकूणच सगळ्या गोष्टींची सुरुवात हवी असे आणि शेवट म्हटला की ते पाय काढता घेत. सिनेमाला पहिल्या जाहिरातीच्या आधी जाऊन बसत आणि मध्यंतरात उठत. आमच्या ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, लग्नानंतर एकही सिनेमा नवऱ्याशेजारी बसून पुरता पाहिलेला नाही. वाढदिवसाला मेणबत्ती पेटली की यांचा हात कोटाकडे, "स्थापना झाली, निघतो." तोक्योच्या कोतो भागातल्या आम्हा मराठी घरांचा मिळून एक गणपती असे. प्रतिष्ठापनेला साडू पहाटे अंघोळ करून, कद नेसून सगळ्यांच्या आधी हजर. विसर्जनाच्या दिवशी मात्र त्यांना हमखास ऑफिसचं काम निघायचं. जेवायला कुठे गेलो की पाणी यायच्या आत विचारत, "हे दुकान काढलं कोणी?" जपानी माणसाला हा प्रश्न मनापासून आवडतो. एका सोबावाल्याने तर गल्ला सोडून आतून आजोबांचा फोटो आणला, मग आजोबांच्या आजोबांचा आणला. तोवर आमच्या वाडग्यातल्या शेवया फुगून वाडग्याबाहेर आल्या होत्या, पण त्याने आमच्याकडून पैसे घेतले नाहीत.

आणि गंमत बघा, या माणसाचा धंदा काय, तर बंद करणं. दोन बँका एक झाल्या की एकीची जुनी कॉम्प्युटर यंत्रणा नव्या यंत्रणेत ओतायची आणि मग जुनी कायमची बंद करायची, या कामातले आमचे साडू मोठे वाकबगार. त्यांच्या ऑफिसातली जपानी माणसं यंत्र बंद करायच्या आधी त्यापुढे ओळीने उभी राहून कमरेत वाकत. साडू हात जोडत आणि बटण दाबत. त्या दिवशी घरी आले की जेवताना बोलायचे नाहीत. एकदा ताई माझ्या बायकोला म्हणाल्या ते मी ऐकलं, "रोज काहीतरी मिटवून घरी येतो गं हा माणूस. त्याला कुठेतरी श्रीगणेशा बघायला मिळायला हवा ना." त्यानंतर मी साडूंची टर उडवणं कमी केलं. बंद मात्र केलं नाही, कारण मग ते स्वतःच विचारायचे, "साडूभाऊ, तब्येत बरी नाही का?"

विश्वचषकानंतरच्या वर्षी त्यांचं कोतोतलं शेवटचं काम हातात आलं. मार्चअखेर ती यंत्रणा बंद करायची आणि सामान बांधून पुण्याला परतायचं, असं कंपनीने कळवलं. पुढे पुण्यातच बसून काम होतं, म्हणजे पुन्हा परदेश नाही. त्याच आठवड्यात साडू माझ्याकडे आले. आम्हा मराठी पोरांचा क्रिकेटचा संघ उन्हाळाभर नदीकाठच्या मैदानावर खेळायचा आणि थंडी सुरू झाली की प्रत्येक जण घरात हीटरपुढे बसून वजन वाढवायचा. "साडूभाऊ," ते म्हणाले, "अहो, तिकडचे निम्मे क्लब असेच निघाले. क्रिकेटवाल्यांना हिवाळ्यात काम हवं होतं. सगळी तयारी आपल्याकडे आहे. क्रिकेटवाले आहेत, हिवाळा आहे. फक्त कोणीतरी काढायला हवा." मग बुटांकडे बघत म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यांनी काढलेलं बंद करत आलो. एक तरी गोष्ट मी काढलेली असावी आणि मी गेल्यावर ती चालू राहावी, एवढंच. एक सामना झाला पाहिजे बघा. सामनाच न खेळलेला क्लब कुणी क्लब म्हणत नाही." एरवी अघळपघळ बोलणारा माणूस इतकं सरळ बोलला की मला नाही म्हणवेना.

स्थापना दिव्याखालीच व्हायला हवी, हा त्यांचा हट्ट. इंग्लंडातले काही क्लब रस्त्यावरच्या दिव्याखाली जमलेल्या मंडळींनी काढले, असं त्यांच्या पुस्तकात होतं आणि ते पान शाबूत होतं. आमच्या इमारतींच्या कोपऱ्यावर एक दिवा होता खरा, पण त्याला लागूनच कोंबिनी, म्हणजे चोवीस तास उघडं असणारं दुकान. त्या दुकानाचा उजेड असा लख्ख, की बिचारा दिवा लागलाय की नाही हे मान वर करून बघावं लागे. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर दहा-बाराजण त्या दिव्याखाली कुडकुडत उभे राहिलो. साडूंनी ठराव वाचायला घेतला. सायकलीवरून एक पोलीस आला आणि काय चाललंय म्हणून त्याने अदबीने विचारलं. साडूंनी मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं, की आम्ही क्लब स्थापन करत आहोत. पोलिसाने आम्हाला निरखलं, दिवा निरखला, टोपी काढून "अभिनंदन" म्हणाला आणि मग म्हणाला, स्थापना झाल्यावर तेवढ्या सायकली रस्त्यातून बाजूला घ्या. "बघितलंत?" साडू मला कोपर मारत म्हणाले, "सरकारी माणूससुद्धा हजर होता."

एका गोष्टीची मात्र त्यांनी त्याच दिवशी सगळ्यांना समज दिली. "क्लब निघाला म्हणजे झाला असं समजू नका. स्थापनेची एकच गोष्ट सांगतात तोवर क्लब नवा. लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगून भांडायला लागले, की समजावं, रुजला." कोणी फारसं लक्ष दिलं नाही. सगळ्यांचं लक्ष कोंबिनीतल्या गरम कॉफीकडे होतं.

मैदान मिळवायचं तर कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, नाव नोंदवून सोडत काढावी लागे. साडूंच्या नावावर मार्चमधल्या एका रविवारची चिठ्ठी निघाली. तिथल्याच रांगेत त्यांना एक म्हातारे गृहस्थ भेटले, तळहात पाटासारखे रुंद. साडूंनी अर्थातच विचारलं, "तुमचा क्लब काढला कोणी?" ते गृहस्थ म्हणाले, आमच्या भागात पूर्वी लाकडाच्या वखारी होत्या, ओंडके पाण्यात तरंगत असायचे, जेवणाच्या सुट्टीत आम्ही वखारीतली पोरं चेंडू खेळायचो, त्यातून निघाला. साडूंना रांगेत उभं राहवेना. खऱ्याखुऱ्या कामगारांचा खराखुरा क्लब आणि तो काढणारा माणूस समोर जिवंत! त्यांनी त्यांना तिथल्या तिथे 'कॅप्टन-सान', म्हणजे कॅप्टनसाहेब, करून टाकलं आणि पहिला सामना त्यांच्याशी पक्का केला.

आता फक्त खेळायचं होतं. पण आम्ही पडलो मराठी माणसं. घटना तयार झाल्याशिवाय चेंडू कसा आणणार? कार्यकारिणी झाली, तिच्या दोन उपसमित्या झाल्या, शर्टाच्या रंगावर तीन बैठका होऊन रंग पुढच्या बैठकीवर गेला. आमच्यात पार्ल्याचा एक तरुण होता. सॉफ्टवेअर तपासायचं, म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचं, हे त्याचं काम आणि तो ते घरीही घेऊन यायचा. सगळे त्याला पार्लेकरच म्हणत. त्याने घटनेत इतक्या चुका काढल्या की मूळ घटना कुठली आणि चुका कुठल्या हे समजेना. वाद पेटला तो अध्यक्षपदावर. साडूंचं म्हणणं, परंपरेप्रमाणे पहिला अध्यक्ष पाद्री हवा. पाद्री आमच्याकडे नव्हता, पण पेणचे एक गृहस्थ होते, आठवडाभर ऑफिसात जुने प्रोग्रॅम दुरुस्त करून रविवारी घरोघरी सत्यनारायण सांगणारे. त्यांना आम्ही गुरुजी म्हणायचो. साडूंनी त्यांचं नाव सुचवलं.

"काका, अध्यक्ष तो, जो धावू शकतो," पार्लेकर म्हणाला. "गुरुजी शेवटचे कधी धावले?"

"चर्चवाल्यांचे पाद्रीबुवा तरी कुठे धावत होते?" साडू म्हणाले.

"अहो, पण त्यांच्याकडे निदान बॉल होता! आपण चार महिने मीटिंगा घेतोय आणि बॉल अजून दुकानात आहे."

हे खरं होतं, म्हणून ते जास्त लागलं. शब्दाने शब्द वाढला आणि पार्लेकर उठला. त्याच्या मागोमाग धावता येणारी सगळी मंडळी उठली. मागे उरले साडू, गुरुजी आणि बूट सापडत नव्हते म्हणून मी.

मला वाटलं साडू खचतील. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पेढ्यांऐवजी तांदळाच्या जपानी मिठाईचा डबा घेऊन दारात उभे. "साडूभाऊ, तोंड गोड करा. फूट पडली! अहो, तिकडे एका क्लबाचं मैदानाच्या मालकाशी बिनसलं, क्लब निघून गेला, मालकाकडे नुसतं मैदान राहिलं, म्हणून त्याने नवा क्लब काढला. आज तो मालक मी आहे!" मीही हसलो. चहा आला, अर्धा झाला आणि साडूंचा चेहरा हळूहळू उतरला. "पण त्या मालकाला मार्चअखेर गाव सोडायचं नव्हतं," ते म्हणाले. सामना दोन आठवड्यांवर आला होता. मैदान होतं, आता चेंडूही आणला होता, कॅप्टन-सान आपली माणसं घेऊन येणार होते आणि आमच्याकडे खेळाडू म्हणून तिघं, त्यात एक गुरुजी. पार्लेकरला परत बोलवा, असं मी सुचवलं. साडूंना ते पटेना. "फुटलेल्यांना परत बोलावणं म्हणजे झालेला इतिहास खोडणं. मी खोडाखोडी करणार नाही." स्वतःचाच क्लब बुडत असताना त्याच्या इतिहासाची शुद्धता जपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ताई तेव्हा डबे विकणाऱ्या एका दुकानात बाइतो, म्हणजे तासांवरची नोकरी, करायच्या. त्या तशाच एप्रनमध्ये नवऱ्याला शोधत आमच्याकडे आल्या होत्या आणि दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या.

"अहो, तुमच्या त्या इतिहासात बायका कुठे होत्या?"

"पुस्तकात उल्लेख नाही," साडू प्रामाणिकपणे म्हणाले.

"फाटलेल्या पानांत असतील," ताई म्हणाल्या. "अकराजण लागतात ना? त्या रविवारी आम्ही येतो." आणि त्यांनी माझ्या बायकोकडे न बघताच तिचंही नाव धरलं. मग फोन लागले. पहिला फोन पार्लेकरच्या बायकोला गेला आणि ती पहिल्या वाक्याला हो म्हणाली.

त्या रविवारी नदीकाठी वारा असा होता की तोंड उघडलं तर वाक्य मागे जायचं. एकीकडे वखारवाले, साठीला टेकलेले तरी ताठ, हिरव्या शर्टातले. दुसरीकडे आम्ही, कोणी स्वेटरात, कोणी पंजाबी ड्रेसवर जॅकेट घातलेलं, गुरुजी कानटोपीत. आमचा रंग अजूनही पुढच्या बैठकीवरच होता. कॅप्टन-साननी ते पाहिलं आणि कापडी बोचकं सोडून आपल्या क्लबाचे जुने हिरवे शर्ट आमच्यापुढे ठेवले. छातीवर करवतीचं चित्र होतं. साडूंनी एक शर्ट उचलून करवतीवरून बोट फिरवलं. "तोफांच्या कारखान्यावाल्यांनाही पहिले शर्ट दुसऱ्याच क्लबाने दिले होते," ते मला म्हणाले आणि मग वाऱ्याने डोळ्यांत धूळ गेल्याचं निमित्त करून बराच वेळ नदीकडे बघत राहिले.

पहिली लाथ अर्थात संस्थापकांची. जुन्या फोटोंतल्यासारखी पँट मोज्यांत खोचून साडू लांबून धावत आले. आयुष्यात त्यांनी चेंडूला पाय लावलेला नव्हता, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं. बूट चेंडूच्या किती तरी पुढे जाऊन पडला, चेंडू जेमतेम हलला. वखारवाल्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. आता हे निघणार म्हणून ताईंनी कोट हातात तयार ठेवला होता. साडूंनी बूट घातला, कोटाकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं आणि रेषेवर जाऊन उभे राहिले.

खेळाबद्दल फार न सांगणं बरं. वखारवाल्यांनी गोल मोजायचं सभ्यपणे सोडून दिलं. गुरुजींनी चेंडू दोनदा हातांनी झेलला आणि दोन्ही वेळा देवापुढचा नारळ ठेवावा तसा अलगद खाली ठेवला. बांधावर पार्लेकर आणि त्याचे फुटीर साथी कॉफीचे डबे घेऊन मजा बघायला उभे होते. पहिली दहा मिनिटं ते पोट धरून हसले. मग पार्लेकरचं हसणं थांबलं. समोर इतक्या चुका होत असताना त्याला गप्प राहणं शक्य नव्हतं. "वहिनी, जागा सोडू नका! गुरुजी, हात नाही लावायचा! अगं, तिकडे नाही, आपला गोल इकडे आहे!" त्याची बायको म्हणाली, "एवढं कळतं तर ये ना खाली." तो आणखी थोडा वेळ बांधावर येरझाऱ्या घालत राहिला आणि शेवटी "हे बघवत नाही राव" म्हणत कॉफी टाकून उतरला. साडूंनी हिरवा शर्ट त्याच्यापुढे धरला. त्याच्या मागे बाकीचेही आले. आता बायका विश्रांती घेतील असं वाटलं, तर ताई जागच्या हलेनात. "मी संस्थापक सदस्य आहे," त्या म्हणाल्या. आणि वखारवाल्यांच्या गोलापाशी खेळाकडे पाठ करून त्या पार्लेकरला आधी का आला नाहीस म्हणून झापत असताना गुरुजींनी जीव खाऊन मारलेला चेंडू त्यांच्या पाठीला चाटून गोलात गेला.

 एकच कल्ला झाला. ताईंना सोडून सगळ्यांना कळलं होतं काय झालं ते. साडू दोन्ही हात वर करून पुतळ्यासारखे उभे होते. मग धावत माझ्याकडे आले आणि कानाशी लागून घाईघाईने विचारलं, "साडूभाऊ, गोल झाल्यावर काय करायचं असतं?"

"उड्या मारायच्या," मी म्हणालो.

"असं होय! ते पानच नव्हतं," ते म्हणाले, आणि आमच्या साडूंनी मैदानभर ज्या उड्या मारल्या त्या मी जन्मात विसरणार नाही. कॅप्टन-सानसुद्धा त्यांच्याबरोबर उड्या मारत होते.

शिट्टी झाली, दोन्ही संघ ओळीत उभे राहून एकमेकांपुढे वाकले, शर्ट तुमच्याकडेच ठेवा असं वखारवाल्यांनी बजावलं. मंडळी पांगली तरी साडू रेषेवरच होते. ताई त्यांच्या खांद्यांवर कोट टाकत म्हणाल्या, "आज शेवटपर्यंत थांबलात?" ते गोंधळून म्हणाले, "संपलं का? मला वाटलं आत्ता सुरू झालं." ताईंनी कोटाची वरची गुंडी लावली.

मार्चअखेर त्यांनी ती शेवटची यंत्रणा बंद केली आणि घर आवरलं. चेंडू पार्लेकरकडे दिला. विमानतळावर पोचवायला कोणी यायचं नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. "विसर्जनाला मी कधी गेलोय का कोणाच्या?" मी ऐकलं नाही आणि बॅगा धरायच्या निमित्ताने स्टेशनपर्यंत गेलो. कोपऱ्यावर ते दिव्याखाली थांबले. दिवसाउजेडी तो दिवा फारच साधा दिसत होता. "तो पुढचा हिवाळा बघेल का हो?" त्यांनी विचारलं. मी बघेल म्हणालो, पण ते दिव्याबद्दल विचारत होते की क्लबाबद्दल, हे मला तेव्हाही कळलं नाही.

साडू पुण्याला गेले, पार्लेकर पुढे सिंगापूरला गेला, गुरुजी पेणला. कॅप्टन-सान आता राहिले नाहीत आणि त्यांचा क्लबही. आमच्यासारखी काही घरं मात्र कोतोतच रुजली. मुलं इथेच मोठी झाली, मी काही विचारलं की जपानीत उत्तर देऊ लागली. गुडघ्यांनी मला मैदानापासून दूर ठेवलं आणि क्लबाचं नाव कानावर पडेनासं झालं. परवा एका रविवारी सहज नदीकाठी फिरायला गेलो, तर हिरव्या शर्टातली पोरं खेळत होती. छातीवर करवत. मराठी होती, तेलुगू होती, बंगाली होती, नेपाळी होती, जपानीही होती. रेषेवर पाणी पीत बसलेल्या नागपूरच्या एका तरुणाला मी विचारलं, क्लब कोणाचा?

"काका, हा खूप जुना क्लब आहे," तो अभिमानाने म्हणाला. "पूर्वी इथे लाकडाच्या वखारी होत्या ना, तिथे इंडियन कामगार होते. त्यांनी काढला. म्हणून तर करवत आहे ना शर्टावर."

शेजारचा म्हणाला, "नाही रे, एका गुरुजींनी काढला. पूजा सांगायचे, पण शूट काय मारायचे म्हणे!" त्यावर दोघांची चांगलीच जुंपली.

घरी येऊन मी पुण्याला फोन लावला. साडू आता रिटायर झालेत, सकाळी फिरायला जातात आणि ताई म्हणतात त्याप्रमाणे फिरणं सुरू करतात, पूर्ण करत नाहीत, रिक्षाने परततात. मी त्यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्यांचं नाव कोणी घेतलं नाही, हेही सांगणं भाग होतं.  पलीकडून हसू ऐकू आलं, मैदानभर उड्या मारतानाचं.

"दोन झाल्या की हो!" ते म्हणाले. "अगं, ऐकलंस का, दोन झाल्या! आणि तिसरी आपली. म्हणजे रुजला." मग आवाज जरा खाली आला. "साडूभाऊ, खरी कुठली ते सांगितलंत का त्यांना?"

"नाही अजून. सांगू?"

"नका सांगू. छान भांडतायत, भांडू देत." मग म्हणाले, "पण तो दिवा कुठला, तेवढा एकदा दाखवून ठेवा."